डोंगर फोडणाऱ्या बोटांची गोष्ट

१ ऑगस्ट आला की घाटकोपर, मुलुंड, मानखुर्दपासून पार अंधेरी-बोरिवलीपर्यंत वस्त्यावस्त्यांत मांडव पडतात. हलगी कडाडते, पिवळे झेंडे लागतात, फुलांच्या हारांमध्ये अण्णा भाऊंचा फोटो उभा राहतो. शाळांमध्ये भाषणांच्या स्पर्धा होतात. चौथी-पाचवीतली पोरं छाती पुढे काढून सांगतात की अण्णा भाऊ साठे फक्त दीड दिवस शाळेत गेले आणि तरी पस्तीसेक कादंबऱ्या लिहिल्या. टाळ्या पडतात, वही-पेनाचं बक्षीस मिळतं, आणि अण्णा भाऊ पुढच्या १ ऑगस्टपर्यंत फोटोत परत जातात. मुलांसाठी लिहिलेल्या या चरित्राची प्रस्तावना लिहायला मी आनंदानं तयार झालो, कारण हे चरित्र त्या टाळीपाशी थांबत नाही. दीड दिवसानंतरच्या वर्षांत हा मुलगा शिकला कुठे, कोणाकडून, काय काय उचलून आणि वेचून, हा प्रश्न ते सोडत नाही.

माझं म्हणणं इथेच सांगून टाकतो. अण्णा भाऊंना आपण वाटेगावचे म्हणतो, गिरणगावचे म्हणतो, संयुक्त महाराष्ट्राचे शाहीर म्हणतो, आणि ते सगळं खरंच आहे. पण ते उपनगराचे लेखकही होते. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत त्यांच्या आयुष्याची वीसेक वर्षं गेली आणि त्यांच्या लेखनाचा फार मोठा भाग तिथे झाला. आज अंधेरी, मुलुंड, कांदिवलीत वाढणाऱ्या मुलाच्या घराखाली जो दगड आहे, तो दगड फोडणारा माणूस मराठी कथेत आणला तो त्यांनीच. त्या माणसाचं नाव भीमा. म्हणून मुलांना अण्णा भाऊंची ओळख जन्मतारखेपासून करून देण्यापेक्षा भीमापासून करून द्यावी असं मला वाटतं. या चरित्राचं पहिलं प्रकरण तसंच आहे. मी पसंती कळवण्याआधीच ते तसं लिहून झालं होतं, हे विशेष.

‘स्मशानातील सोनं’ ही कथा ज्यांनी वाचली आहे त्यांना ती पुन्हा सांगायला नको. पण या पुस्तकाच्या बहुतेक वाचकांनी ती वाचलेली नसणार. भीमा वारणेकाठच्या गावातला, पैलवानी अंगाचा गडी. पोटासाठी मुंबईत येतो. शहर पालथं घालतो, काम मिळत नाही. मग उपनगरात येतो. तिथे जंगल आहे, डोंगर आहे आणि डोंगरात दगडाची खाण आहे. खाणीवर काम मिळतं आणि भीमा खूश होतो. त्याच्या अंगात जेवढं बळ आहे तेवढं सगळं त्या दगडावर खर्ची घालता येतं, डोंगर त्याच्या घणापुढे मागे सरकतो, ठेकेदार राजी असतो, बायको आणि लेकीला दोन वेळ खायला मिळतं. आणि मग खाण बंद पडते. का, ते भीमाला कोणी सांगत नाही. सकाळी कामावर जावं आणि काम नाही असं कळावं, इतकंच.

उपासमार दारात उभी असताना एका संध्याकाळी मसणवटीतल्या राखेत भीमाला सोनं सापडतं. ज्या हातांनी डोंगर फोडला तेच हात आता रात्री राख चाळू लागतात. पुढे राखेवर भागत नाही, पुरलेली प्रेतंही उकरली जातात. एका रात्री एका श्रीमंताच्या ताज्या मढ्यासाठी भीमाला कोल्ह्यांशी झुंजावं लागतं. ती झुंज अण्णा भाऊंनी अशी लिहिली आहे की वाचताना अंगावर काटा येतो. कोल्हे हटतात, आणि प्रेताच्या तोंडातलं सोनं काढताना भीमाची बोटं त्या जबड्यात अडकतात. तो सुटतो, पण बोटं वाचत नाहीत, डॉक्टरांना ती कापावी लागतात. त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. भीमा, तो अजस्र देहाचा माणूस, लहान मुलासारखा रडतो. डोंगर फोडणारी बोटं तो गमावून बसलेला असतो.

मुलांना असली भयंकर गोष्ट सांगावी का, असं विचारणारे पालक मला भेटले आहेत. एका पालिका शाळेत सातवीच्या वर्गाला मी ही गोष्ट सांगितली होती. प्रेताची, कोल्ह्यांची भीती मुलांना वाटली, नाही असं नाही. पण गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलानं जे विचारलं ते भीतीचं नव्हतं. त्याला जाणून घ्यायचं होतं ते असं: खाण उघडली ना, मग मुकादमानं भीमाला पाट्या उचलायला तरी ठेवलं असेल का? पाट्या उचलायला सगळी बोटं लागत नाहीत. तो मुलगा भुतांच्या नव्हे, मजुरीच्या बाजूनं गोष्ट ऐकत होता. त्याच्या घरी कोणीतरी असं काम केलेलं असणार, हे मला न विचारता कळलं. अण्णा भाऊंना असाच वाचक हवा होता.

आता त्या खाणीबद्दल, कारण या पुस्तकातलं ते प्रकरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. आज मालाड पूर्वेला किंवा भांडुपला ‘क्वारी रोड’ हा पत्ता आपण रिक्षावाल्याला सहज सांगतो. कांदिवली पूर्वेला वडारपाडा आहे. ही नावं उगीच पडलेली नाहीत. मालाड, कांदिवली, दहिसर, अंधेरी, कुर्ला, चांदिवली, पवई, भांडुप या सगळ्या पट्ट्यात डोंगर फोडून दगड निघत असे. कुर्ल्याचा काळा पाषाण आणि मालाडचा पिवळसर दगड यांतून दक्षिण मुंबईच्या देखण्या इमारती उभ्या राहिल्या. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखली जाणारी इमारत याच दोन दगडांची आहे. सहलीला गेलेली मुलं तिथल्या मूर्ती पाहतात, घुमट पाहतात. भिंतीतला पिवळसर दगड बोरिवली लोकलच्या वाटेवरचा आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे. सुमारे दोनशे फूट उंच, सरळ उभ्या खांबांचा काळा कडा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की दोन गोष्टी एकदम दिसतात. एक, पृथ्वीच्या पोटातून आलेल्या रसाचं हे अचाट रूप. दुसरी, या कड्याच्या अंगाशी असलेला आणखी किती दगड माणसांनी फोडून नेला. १९५२ साली त्याला संरक्षण मिळालं म्हणून तो निदान इतका उरला.

दगड फोडण्याचं काम म्हणजे काय, हे या पुस्तकात सावकाश सांगितलं आहे आणि ते तसंच सांगायला हवं होतं. पहारीनं खडकाला भोक पाडायचं. एक जण पहार धरून फिरवणार, दुसरा घण घालणार, धरणाऱ्याचा जीव मारणाऱ्याच्या नेमावर. भोकात दारू ठासायची, वात लावायची, आरोळी द्यायची आणि पळायचं. बार उडाला की मोठे धोंडे सुटतात. ते घणानं फोडायचे, मग हातोडीनं बारीक करत खडी पाडायची. बायका खडी पाट्यांत भरून ट्रकवर चढवतात. मजुरी ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या ढिगावर. ढीग कमी भरला तर पैसे कमी. त्यातून ठेकेदाराची उचल कापून घेतलेली. पोरं त्या ढिगांच्या सावलीत वाढतात आणि हातात हातोडी पेलण्याइतकं बळ आलं की आईच्या बाजूला बसतात. डोळ्यांत कपची उडणं, फुप्फुसांत धूळ बसणं, बार चुकून अवेळी उडणं, हे या कामाचे रोजचे धोके. वडार समाजानं पिढ्यान्‌पिढ्या हे केलं. त्यांच्याबरोबर घाटावरून, मराठवाड्यातून, कर्नाटक-आंध्रातून दुष्काळानं हुसकलेली इतर माणसंही आली. अण्णा भाऊंचा भीमा त्यांच्यातला एक.

अण्णा भाऊ स्वतः खाणीत वाढले नव्हते, हे स्पष्ट लिहून ठेवतो. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवे तालुक्यात, वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. इंग्रजांच्या राज्यात मांग समाजावर गुन्हेगार जमातीच्या कायद्याचा शिक्का होता. गावात काही घडलं की आधी मांगवाडा धरायचा. मोठ्या माणसांना हजेरी द्यावी लागे. दोर वळणारे, वाद्य वाजवणारे, गावाची राखण करणारे लोक त्याच गावाच्या नजरेत संशयित होते. ‘फकिरा’ या कादंबरीतला फकिरा अण्णा भाऊंच्या नात्यातलाच, इंग्रजांचा खजिना लुटून उपाशी लोकांना वाटणारा. वालुबाई बाळंत झाल्या तेव्हा फकिरानं ओंजळभर रुपये दिले, अशी आठवण घरात सांगितली जाई. ते बाळ पुढे त्याच माणसावर कादंबरी लिहितं. कथेला साजावी अशी ही हकिगत या घराच्या रोजच्या बोलण्यातली होती.

शाळेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असल्यानं मी ती लांबवत नाही. मुलगा शाळेत गेला, अस्पृश्याच्या पोराला मिळायची तशी वागणूक मिळाली, मार मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी शाळा कायमची सुटली. आपण या प्रसंगाला ‘दीड दिवसाची शाळा’ म्हणून मोठेपणा देतो. मला त्याचा राग येतो. त्या दीड दिवसात अभिमानानं मिरवण्यासारखं काही नाही. एका मुलाला शाळेनं हाकलून दिल्याची ती घटना आहे. ज्या मुलानं पुढे इतकं लिहिलं त्याला दहा वर्षं शाळा मिळाली असती तर त्यानं काय केलं असतं, हा विचार भाषणस्पर्धेत कोणी मांडत नाही. या चरित्रात तो मांडला आहे, मुलांना कळेल अशा शब्दांत.

१९३१-३२च्या सुमारास दुष्काळानं कुटुंब गाव सोडून निघालं. वाटेगाव ते मुंबई, तीनशे किलोमीटरांहून अधिक, पायी. भाडं नव्हतं म्हणून चालत, आणि चालताना पोट भरावं लागे म्हणून वाटेत मिळेल ते काम करत. त्यामुळे ही वाट महिनोन्‌महिने चालली. तुकाराम तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. कल्याणच्या बाजूला कोळशाचं काम केल्याचं चरित्रकार सांगतात. मुंबईत भायखळ्याच्या चांदबीबी चाळीत बिऱ्हाड पडलं. तिथेही कोळसे वेचले. फेरीवाल्यांची गाठोडी वाहिली, हमाली केली, हॉटेलात पोऱ्या म्हणून राबले, बुटांना पॉलिश केलं, गिरणीत झाडू मारला, बदली कामगार झाले. खाण आणि कोळसा या मुलाच्या आयुष्यात इतक्या जवळून आले. भीमाची बोटं त्यांनी पुस्तकात वाचून लिहिलेली नाहीत.

याच वर्षांत त्यांची खरी शाळा भरली. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं, भिंतीवरच्या घोषणा यांवरून अक्षरं लागली. जोडाक्षर अडलं की शेजाऱ्याला विचारायचं. पुढे माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची संगत मिळाली. आर. बी. मोरे यांच्यासारखी माणसं तिथे होती. सभा होत, वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचली जात, जगातल्या लढायांवर वाद होत, पुस्तकं हातोहात फिरत. गॉर्की त्यांनी तिथे वाचला, आणि पुढे लोक त्यांनाच महाराष्ट्राचा गॉर्की म्हणू लागले. त्यांनी रचलेलं पहिलं गाणं लेबर कॅम्पातल्या डासांवर होतं, असं सांगतात. मला हा तपशील फार आवडतो. माणूस लिहायला बसला आणि त्यानं चंद्र-चांदण्यांकडे न बघता रात्री झोपू न देणाऱ्या डासांकडे बघितलं. लेखक कसा घडतो, हे मुलांना सांगायला यापेक्षा सोपं उदाहरण सापडणार नाही. ज्यानं आपल्याला चावलं त्यावर लिहावं.

म्हणून अण्णा भाऊ हा चमत्कार होता, असं म्हणणं मला पटत नाही. चमत्कार म्हटलं की त्यामागचे कष्ट दिसेनासे होतात, आणि त्यांना शिकवणारी माणसंही. पाटी वाचून दाखवणारा शेजारी, वाचायला पुस्तक देणारा कार्यकर्ता, गाणं ऐकून टाळी देणारा गिरणी कामगार, हे सगळे त्यांचे मास्तर होते. वडिलांच्या मृत्यूनंतर ते काही काळ गावी गेले तेव्हा चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यांनी हजारो लोकांपुढे शब्द कसा टाकायचा, गण-गौळणीच्या साच्यात आजची गोष्ट कशी घालायची, हे शिकून घेतलं. १९४२च्या चळवळीत वॉरंट निघालं आणि ते पुन्हा मुंबईत आले. स्टालिनग्राडच्या लढाईवरचा त्यांचा पोवाडा १९४३चा. वाटेगावच्या मांगवाड्यातला तरुण व्होल्गाकाठच्या शहराची लढाई मराठी कामगारांना डफावर सांगत होता. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं. सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा त्याच तमाशाच्या अंगानं लोकनाट्य उभं राहिलं, त्यात अण्णा भाऊंचा वाटा मोठा. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात त्यांची छक्कड गावोगावी पोचली. हा भाग मुलांच्या आजोबांना तोंडपाठ असेल. त्यांनी तो गाऊन दाखवावा, मी त्यावर जास्त लिहीत नाही.

चिरागनगरावर मात्र मला थांबायचं आहे. १९५० साली कुर्ला, घाटकोपर, अंधेरी मुंबई महापालिकेत आली. मुलुंड, बोरिवली, दहिसर १९५७ साली. म्हणजे अण्णा भाऊ घाटकोपरला राहायला आले त्या सुमारास हा मुलूख शहर म्हणून नुकताच मोजला जाऊ लागला होता. उपनगरात जंगल होतं, डोंगर होता, कोल्हे होते, खाण होती. ‘स्मशानातील सोनं’मधलं वर्णन काल्पनिक वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. घाटकोपर पश्चिमेला चिरागनगरच्या बोळांतून आजही चालून बघा. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. उंबऱ्याशी पाण्याचे ड्रम, वर पोटमाळा, पोटमाळ्याला लोखंडी शिडी, खाली उघड्या दारातून दिसणारं सबंध घर. नळाच्या वेळेला बोळात पाय ठेवायला जागा नसते. अशा वस्तीत, अशाच खोलीत बसून त्यांनी लिहिलं. टेबल-खुर्चीचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या भांडणाचा, गाण्याचा, रडण्याचा आवाज कागदावर येतच होता, आणि त्यांनी तो येऊ दिला. ‘चिरागनगरची भुतं’ हे नाव त्यांच्या पुस्तकाला उगीच मिळालेलं नाही.

‘फकिरा’ १९५९ साली आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला ती अर्पण केलेली आहे. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी अण्णा भाऊ सोव्हिएत रशियाला जाऊन आले. त्या प्रवासावर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. त्याआधी २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं तेव्हा त्याचं उद्घाटन त्यांनीच केलं होतं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून दलित, कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे, या आशयाचं त्यांचं तिथलं म्हणणं आज सगळीकडे लिहिलेलं दिसतं. मी ते वाचतो तेव्हा मला तळहाताच्या पुढची बोटंही दिसतात, भीमाची. ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ अशा त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. थिएटरं भरली. त्या चित्रपटांचा पैसा झोपडीपर्यंत फारसा आला नाही. १९६८ साली गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांना सरकारकडून घर मिळालं, आणि १८ जुलै १९६९ रोजी तिथेच ते गेले. एकोणपन्नासावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता.

मुलांच्या पुस्तकात लेखकाची गरिबी किती दाखवावी, हा प्रश्न मराठीतच पडतो असं नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात कोळशाच्या खाणी आहेत. तिथे कूल रिज नावाच्या गावात आजी-आजोबांकडे सिंथिया रायलंट नावाची मुलगी वाढली. आजोबा खाणकामगार. घरात नळाचं पाणी नव्हतं. गावात वाचनालय नव्हतं, मुलांची पुस्तकं तिला लहानपणी मिळालीच नाहीत, कॉमिक्स तेवढी मिळत. मोठेपणी एका सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या विभागात नोकरी लागली तेव्हा तिनं पहिल्यांदा मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं पाहिली, आणि तिथेच तिला आपली वाट सापडली. १९८२ साली तिचं पहिलं पुस्तक आलं ते त्या डोंगरातल्या बालपणावर. आजोबा काळ्याकुट्ट तोंडानं खाणीतून घरी येतात, फक्त ओठ तेवढे स्वच्छ, हे त्यात कोणतीही दया न मागता येतं. १९९३ साली तिला तिथला मुलांच्या साहित्याचा सर्वांत मोठा मान, न्यूबेरी पदक मिळालं. आज तिची पुस्तकं खाण कधीच न पाहिलेली मुलं वाचतात.

मराठीत मुलांसाठी मोठी माणसं लिहीत आली आहेत. साने गुरुजींचा श्याम गरीब होता आणि त्या गरिबीची लाज त्यांनी बाळगली नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेनं पिढ्यांना सायकलवर बसवून हिंडवलं, मलाही. पण खाणीवरचं, कोळशाच्या वखारीतलं, नाक्यावरचं मूल आपल्या बालसाहित्यात फार कमी आलं. आलं तरी पुष्कळदा कोणीतरी सज्जन माणसानं त्याला मदत करावी म्हणून आलं. अण्णा भाऊंनी मुलांसाठी म्हणून पुस्तकं लिहिली नाहीत, पण हा उणेपणा त्यांच्याकडे नाही. त्यांची माणसं उपाशी असतात तेव्हाही ती कोणाच्या दयेची वाट बघत नाहीत. त्यांना काम हवं असतं, मान हवा असतो आणि जगायचं असतं. म्हणून त्यांच्या आयुष्याची गोष्ट कुमारवयातल्या वाचकांना आज हवी आहे. ती मोठ्यांच्या चरित्राची छोटी आवृत्ती होऊन चालणार नव्हतं, आणि तशी ती झालेली नाही.

दोन शब्द टीकेचेही. रशियाचा प्रवास या चरित्रात दोन पानांत उरकला आहे, मला तो आणखी हवा होता. लाल बावट्याच्या राजकारणाबद्दल लिहिताना लेखणी थोडी बिचकली आहे. अण्णा भाऊंना डावा विचार आणि आंबेडकरांचा विचार यांपैकी कोणाच्या खात्यात टाकायचं यावर मोठ्यांमध्ये वाद आहेत, म्हणून ते घडलं असावं. पण मुलांना वाद झेपतात. कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता आपली सर्वांत लाडकी कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करतो, हे त्यांना जसंच्या तसं सांगितलं तर ते स्वतः विचार करतील. पुढच्या आवृत्तीत हे प्रकरण वाढवावं, ही माझी जाहीर सूचना.

बाकी पुस्तक निर्मळ आहे. वाक्यं लहान आहेत, शब्द कामाच्या माणसांचे आहेत. चित्रांत घण घणासारखा आणि पहार पहारीसारखी आहे, आणि हे दिसतं तितकं सोपं नसतं. मुलांच्या पुस्तकांत अवजारं बहुधा चुकीच्या हातात, चुकीच्या कोनात धरलेली असतात. खाणीतल्या मुलानं चित्र पाहिलं तर त्याला हसू येऊ नये, याची काळजी इथे घेतली आहे.

सप्टेंबर २०२२मध्ये मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊंच्या पुतळ्याचं अनावरण झालं. चांगलं झालं. पण मॉस्कोच्या ग्रंथालयात जे आहे ते भांडुपच्या, मालवणीच्या, चिरागनगरच्या शाळेतल्या कपाटातही असायला हवं. माझा अनुभव असा की कपाट असतं, कुलूप असतं, किल्ली सापडत नाही, आणि सापडली तर आत ‘फकिरा’ नसते.

या पुस्तकाच्या वाचकांना माझं एक सांगणं आहे. हे चरित्र वाचून ठेवून देऊ नका. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात अण्णा भाऊंची मूळ पुस्तकं आहेत का, ते जाऊन बघा. नसतील तर वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन मुख्याध्यापकांना अर्ज द्या. अर्जात ‘फकिरा’ लिहा, ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहा, आणि ‘स्मशानातील सोनं’ ज्या संग्रहात आहे तो संग्रह मागायला विसरू नका. शिक्षकांना विनंती, ती कथा वर्गात मोठ्यानं वाचा, आणि वाचून झाल्यावर मुलांना प्रश्न विचारू नका. त्यांना विचारू द्या.